उसन्या चपला

हरेगावच्या मतमाउलीला, म्हणजे मरियामातेच्या यात्रेला, पायी जायचं माझं हे सहावं वर्ष. का जातो म्हणून कोणी विचारलं, तर दरवर्षी वेगळं कारण सांगतो. यंदाचं कारण माझ्यापुढे वीस पावलांवर चालत होतं, गळ्यात ढोलकी अडकवून. माझा धाकटा भाऊ.

त्याच्याकडे माझे पासष्ट हजार आहेत. आहेत म्हणजे नाहीतच. रिक्षाच्या नावानं घेतले आणि रिक्षा काही दारात आली नाही. गेल्या वर्षी हरेगावला मेणबत्ती लावून यानं शपथ घेतली होती, यापुढे दारूला शिवणार नाही. नाताळच्या आदल्या रात्रीपर्यंत टिकली. आणि तरी ढोलकी अशी वाजवतो की म्हाताऱ्यांचे पाय आपोआप उचलतात. हे मला जास्त टोचतं. बेसूर असता तर बरं झालं असतं.

शुक्रवारी पहाटे संगमनेर सोडलं तेव्हा पाऊस होता. शुक्रवार, म्हणून जपमाळेच्या प्रार्थनेतली दुःखाची रहस्यं. पुढून सिस्टर निम्मं म्हणायच्या, मागून आम्ही निम्मं, आणि मधून वाळूचा डंपर गेला की दोन्ही निम्मी वाहून जायची. निमगाव जाळीला चहा. लोणीला मुक्काम. सहकारी साखर कारखानदारी जिथून सुरू झाली ते गाव, पण आम्हाला दिसला तो शाळेचा व्हरांडा आणि डास. रात्री भाऊ अर्धा तास गायब होता. आला तेव्हा तोंडात बडीशेप होती. मी कूस बदलली आणि झोपल्याचं सोंग केलं.

आमची आजी नगरची, मिशनच्या चर्चमधली. ती प्रभूच्या प्रार्थनेत ‘ऋण’ म्हणायची: जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड. आई कॅथलिक, म्हणून आमच्या घरात ‘अपराधांची क्षमा’. लहानपणी वाटायचं, शब्दांचाच काय तो फरक. आता कळतं. अपराध म्हटलं की मी भावाला चालता चालता क्षमा करून टाकतो, तोंडचीच तर गोष्ट. ऋण म्हटलं की पासष्ट हजार दिसतात. शनिवारी सकाळी आनंदाची रहस्यं सुरू झाली आणि मी मनातल्या मनात हिशेब घालत होतो. येशूचा तो दाखला आहे ना, राजानं चाकराला दहा हजार तालांत सोडले आणि त्या चाकरानं बाहेर येऊन सोबत्याचा गळा धरला, शंभर दिनारांसाठी. उपदेशात फादर लोक ते शंभर दिनार फार हलक्यात उडवतात. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. चारशेनं धरा, चाळीस हजार होतात. चाळीस हजार काय किरकोळ आहेत? राजाचं सोडलेलं कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं होतं, मान्य. पण तो आकडा कोणाच्या डोळ्यापुढे येतो? चाळीस हजार येतात. मला तर त्या चाकराची बाजू पटायला लागली होती.

बाभळेश्वर ओलांडून श्रीरामपूरच्या रस्त्याला लागलो आणि उजव्या टाचेनं संप केला. नवे बूट घालून पायी निघू नये, हे मी दरवर्षी दुसऱ्यांना सांगतो. ऊन निघालं होतं, दोन्ही बाजूंनी ऊस, वारा नाही. मी थांबत थांबत इतका मागे पडलो की ढोलकी ऐकू येईना. भावानं एकदा वळून पाहिलं, हात केला आणि चालत राहिला. त्या हाताचा अर्थ ‘ये सावकाश’ असा असेल. मी तो तसा घेतला नाही.

रस्त्याच्या कडेला पंक्चरचं दुकान. दुकान म्हणजे चार पत्रे, एक कॉम्प्रेसर आणि विशीतला पोरगा. मी टायरवर टेकलो, त्यानं हूं की चूं केलं नाही. बूट काढला तेव्हा मोज्याबरोबर कातडं निघालं. ते त्यानं पाहिलं. मग काही न बोलता ट्यूब बुडवून भोक शोधायचं घमेलं माझ्याकडे सरकवलं. पाणी काळं, वर तेलाची मोरपंखी साय. मी घुटमळलो.

“टाका की पाय. पाण्याला काय होतंय.”

टाकला. थंडगार. त्या पाण्यात माझा पांढराफटक पाय दुसऱ्याच कोणाचा तरी वाटत होता. पोरगं वाकून बघत म्हणालं, “बुडबुडे नाय येत. पंक्चर नाय तुमचं.” आणि स्वतःच्याच विनोदावर हसलं नाही. मग माठातलं चांगलं पाणी वरून ओतलं, कुठून तरी हळद आणली, स्वच्छ चिंधी बांधली. हे सगळं करताना कपाळाला आठी होती, जशी गिऱ्हाईकाच्या कामाला असते. शेवटी आत जाऊन निळ्या रबरी चपला घेऊन आलं.

“घाला. फुकट नाय देत हां. परत पायजेत. आईनं घेतल्यात.”

मी पैसे काढले तर म्हणालं, “पैशाचं काय करू, चपला पायजेत. परतीला द्या.” देतो म्हणालो. शब्द दिला.

बूट पिशवीत टाकले आणि निघालो. अंगठ्याच्या जागी त्या चपलांना त्याचा खळगा पडलेला होता, माझा अंगठा त्यात बसेना. श्रीरामपूर केव्हा आलं, कळलं नाही. जपमाळ बोटांतून आपली आपण सरकत होती.

हरेगाव. गर्दी, पाळणे, खणा-नारळाऐवजी मेणबत्त्यांचे ढीग, लाउडस्पीकरवर हरवलेल्या पोरांची नावं. १९४९ पासून ही यात्रा भरते. माउलीपुढे गेलो तेव्हा काय मागायचं ते ऐन वेळी आठवलं नाही. डोळे भरले, एवढंच. कशानं, ते मलाही नीट सांगता येणार नाही; टाचही ठणकत होती.

पापनिवेदनाच्या रांगेत भाऊ माझ्या पुढे. गेला, गुडघे टेकले, दोन मिनिटांत उठला. दोन मिनिटं! चेहरा धुतल्यासारखा. सरळ जिलेबीच्या गाडीकडे. माझी बारी आली तेव्हा मी सगळं सांगितलं, रिक्षा, पासष्ट हजार, बडीशेप, सगळं. फादरांचे डोळे जागरणानं लाल होते.

“हे भावाचं झालं,” ते म्हणाले. “तुमचं सांगा.”

मी गप्प. मग म्हणालो, मनात राग आहे. मागच्या महिन्यात तो आजारी होता, मी मुद्दाम गेलो नाही. हे आजवर कोणाला बोललो नव्हतो.

त्यांनी हात उचलून क्षमेचे शब्द म्हटले. प्रायश्चित्त, एकदा प्रभूची प्रार्थना. मी तसाच बसलो. एवढ्यावर? माझ्यामागं दीडशे माणसं होती, मागच्या बाईनं खोकून दाखवलं. उठलो. मला मनापासून राग आला की इतक्या स्वस्तात सोडलं. त्यालाही आणि मलाही.

कडुनिंबाखाली बसून प्रार्थना म्हटली, आजीची. ‘ऋण’पाशी येऊन अडलो. दुसऱ्यांदा सुरू केली. एवढ्यात भाऊ कागदात जिलेबी घेऊन आला, शेजारी बसला आणि माझ्या पायांकडे बघून म्हणाला, “चपला कुणाच्या?”

परत जीपनं आलो. बाभळेश्वर जवळ आलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, दुकानाच्या पत्र्यावर अंधार, बाकीच्यांना घरची घाई. थांबवा म्हणायला तोंड उघडलंच नाही. पुढच्या रविवारी जाऊ म्हटलं. त्या रविवारी लग्न होतं. नंतरच्या रविवारी पाऊस.

परवा भाऊ आला होता. पाचशे मागायला. मी तीनशे दिले आणि वर बोललोही. चहा पिऊन उठला, दारात पायांनी चाचपून निळ्या चपला घातल्या आणि निघाला. अंगठा बरोबर खळग्यात बसला होता.

“अरे, त्या माझ्या नाहीत,” मी ओरडलो.

तो गल्लीच्या तोंडाशी पोचला होता. वळला नाही, नुसता हात केला.