रत्नागिरीच्या स्टेडियमवर वेळेत पोचायचं असेल तर

सगळ्यात आधी एक सांगतो. रत्नागिरी रेल्वे स्टेशनवरून छत्रपती शिवाजी स्टेडियमपर्यंत चालत जाऊ नका. किटबॅग असेल तर अजिबातच नको. आम्हाला टूर्नामेंटच्या आयोजकांचा मेसेज आला होता, ‘स्टेशनपासून ग्राउंड जवळ, चालत पंधरा मिनिटं’. हे साफ खोटं आहे. स्टेशन कुवारबावला, स्टेडियम मारुती मंदिरला आणि मध्ये पाचेक किलोमीटरचा रस्ता. ज्याने तो मेसेज लिहिला तो आयुष्यात कधी त्या रस्त्याने चाललेला नाही, हे मी लिहून देतो.

आम्ही पनवेलची टेनिस बॉल क्रिकेटची टीम. अर्धी पोरं गाडीने आली, आम्ही सात जण कोकणकन्याने. ही गाडी रत्नागिरीला पहाटे अंधारात उतरवते. फलाटावरून वर येऊन बाहेर पडलं की रिक्षा उभ्या असतात, आणि त्या वेळी राज्य त्यांचंच. पहिल्याने एका रिक्षाचे साडेतीनशे सांगितले. किटबॅगचे वेगळे पन्नास. दुसऱ्याला विचारायला गेलो तर तो पहिल्याकडे बघून तोच आकडा बोलला. ‘परत येताना रिकामी यायला लागतं’ असं म्हणणं. सात माणसांना दोन रिक्षा तरी लागणार, म्हणजे सातशे आणि वर बॅगा. परतीला ह्याच अंतराचे दीडशे दिले, तेही कुरकूर न करता घेतले, म्हणून हा राग अजून गेलेला नाही. कष्टाचे पैसे जरूर घ्या, पण अंधार बघून दुप्पट लावणं ही लूट आहे.

मेसेजवर विश्वास होताच, म्हणून चालायला लागलो.

हा रस्ता म्हणजे मिऱ्या–नागपूर महामार्ग. आम्ही गेलो तेव्हा चौपदरीकरणाचं काम निघालेलं होतं. फुटपाथ नाही. डांबराची कड जिथे संपते तिथे वीतभर खाली उतार, त्याच्यापुढे खडी, आणि खडीच्या पलीकडे गटाराचं खोदकाम. चालायचं कुठे? डांबरावर चाललं तर मागून डंपर, खडीवर चाललं तर पाय मुरगळायची भीती. आमच्या मोठ्या किटबॅगचं एक चाक तिथेच गेलं. आधी खडीचा एक तुकडा चाक आणि कण्याच्या मध्ये अडकला, विकेटकीपरने ओढून बघितलं, आणि प्लास्टिकचा कणाच तुटून हातात आला. तिथून पुढे ती बॅग दोघा-दोघांनी आळीपाळीने उचलून नेली. उजाडल्यावर बघतो तर सगळ्यांचे पांढरे मोजे घोट्यापर्यंत लाल. साळवी स्टॉप आला तेव्हा वाटलं पोचलो. नाही. तिथूनही पुढे मारुती मंदिर आहेच.

रिपोर्टिंग सातचं होतं. लॉट्समध्ये आमची पहिलीच मॅच पडलेली आणि समोरची टीम टॉससाठी उभी. ‘पुढे चाल द्या’, म्हणजे न खेळताच आम्हाला पुढच्या फेरीत घ्या, म्हणून त्यांचा कॅप्टन अंपायरच्या मागे लागला होता. खेळाडूंच्या नावांचं कार्ड भरायला दहा मिनिटं मिळाली ती केवळ गाडीने आलेली पोरं वॉर्मअप करत होती म्हणून. ओपनिंग बॉलरच्या पोटरीत पहिल्याच ओव्हरला गोळा आला. चार रनांनी जिंकलो. त्या वेळी अख्ख्या जगाला माफ करायला तयार होतो, पण तो रस्ता सोडून.

तर बरोबर वाट अशी. स्टेशनमधून बाहेर पडा, रिक्षांकडे बघू नका, थोडं चालून मुख्य रस्त्यावर या आणि शहराकडे जाणारी एसटी पकडा. लांजा, पाली, हातखंबा, कुठूनही येणारी लाल गाडी ह्याच रस्त्याने शहरात शिरते. साध्या गाडीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मुलींची टीम असेल तर दुसरा विचारही करू नका. कंडक्टरला ‘मारुती मंदिर’ एवढंच सांगा आणि तिथेच उतरा. स्टँडपर्यंत जाऊ नका. स्टँड खालच्या अंगाला आहे, तिथून माळनाक्यावरून परत चढ चढून यावं लागतं. सामान नसेल तर तो चढ काही नाही, वॉर्मअप समजा. पण बॅट, पॅड, पाण्याचा जार घेऊन नको.

अगदी पहाटे एसटी मिळेलच असं नाही. म्हणून मॅच सकाळची असेल तर माझं स्पष्ट मत, आदल्या दिवशी या आणि मारुती मंदिरच्या आसपास लॉज घ्या. रिक्षात जाणार तेवढ्या पैशांत एकाची तरी झोप होते. मॅच दुपारची असेल तर जनशताब्दी उत्तम. ती मुंबईहून पहाटे निघते, दुपारच्या आत रत्नागिरीत सोडते आणि तेव्हा रिक्षावाल्यांचा आवाजही खाली आलेला असतो. तुतारी एक्सप्रेसने आलात तर निदान उजाडलेलं असतं.

गाडीने येणाऱ्यांसाठी. मुंबईकडून संगमेश्वर, बावनदी, निवळी करत हातखंब्याला या आणि उजवीकडे वळा. कोल्हापूरकडून आंबा घाट, साखरपा, पाली आणि मग हातखंब्याला डावीकडे. हातखंब्याला बोर्डापेक्षा टपरीवाल्याला विचारा, कामामुळे वळण कधी इकडे कधी तिकडे असतं. आमच्या ड्रायव्हरने तिथे वीस मिनिटं घालवली. गणपतीपुळ्याला मुक्काम असेल तर निवळीला जायचं कारणच नाही, आरे-वारेच्या समुद्रकाठच्या रस्त्याने सरळ शहरात या. तो रस्ता सुंदर आहे, बाकी काही सांगण्यासारखं नाही.

गाडी स्टेडियमच्या दारात लावायला जाऊ नका. भोवती दुकानं, हातगाड्या आणि पुढे मारुती मंदिरचं सर्कल. टूर्नामेंटच्या दिवशी तिथे गाडी अडकली की अडकली. पोरं आणि सामान सर्कलच्या अलीकडे उतरवा, ड्रायव्हरने आतल्या गल्लीत लावावी, कोणाचं फाटक न अडवता.

आणि ‘ग्राउंडवर या’ एवढंच कोणी सांगितलं तर नाव विचारून घ्या. उद्यमनगरला चंपक मैदान आहे, तिथेही मोठे कार्यक्रम होतात. एक टीम सकाळी तिकडे जाऊन आली आणि तिच्या समोरच्या टीमला खरंच पुढे चाल मिळाली.

मधल्या रिकाम्या दिवशी मांडवीच्या किनाऱ्यावर जाऊन आलो, छान वाटलं.

परतीचं तिकीट रात्रीच्या कोकणकन्याचंच काढा, संध्याकाळच्या गाडीचं नको. फायनल ठरल्या वेळेला संपत नाही आणि बक्षीस समारंभात पाहुण्यांची भाषणं लांबतात. स्टेशनला जायची रिक्षा भाषणं चालू असतानाच एका पोराला पाठवून ठरवून ठेवा. सगळ्या टीम एकदम बाहेर पडल्या की भाव परत पहाटेचा होतो.