मावशीच्या वाडीचा पत्ता

आज मावशीची औषधं कुरिअरने पाठवायची होती. तिचं घर संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत. रस्त्याला नाव नाही, घर नंबर पोस्टमनशिवाय कुणाला ठाऊक नाही. मावसभावाने गूगल मॅपचं लोकेशन पाठवलं, तर पत्त्याच्या जागी चार अक्षर-आकडे, मग अधिकचं चिन्ह, पुढे अजून दोन.

हा प्लस कोड. अक्षांश-रेखांशच, फक्त आटोपशीर लिहिलेले. सगळ्या पृथ्वीवर चौकोन आखलेत आणि पूर्ण कोड साधारण १४ मीटर लांब-रुंद चौकोन दाखवतो, म्हणजे मावशीचं घर आणि पुढचं खळं! यात ए, ई, आय, ओ, यू हे स्वर घेतलेलेच नाहीत, चुकूनही एखादा भलता शब्द बनू नये म्हणून. किती विचार केलाय!

छोट्या कोडमागे गावाचं नाव मात्र हवंच. पूर्ण कोडमधली पहिली चार अक्षरं गाळलेली असतात, त्यांची जागा 'संगमेश्वर' भरून काढतं. नाव गाळलं तर तोच छोटा कोड शंभरेक किलोमीटरवर दुसरीकडेही सापडतो.

आपल्या पोस्ट खात्यानेही २०२५ मध्ये डिजिपिन आणलाय, दहा अक्षरी, चौकोन जेमतेम चार मीटरचा. पिनकोड १९७२ चा, श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेला. तो पोस्ट ऑफिसपर्यंत नेतो, हा थेट दारात.

गावी आई-वडील एकटे असतील तर मॅपवर घराच्या छपरावर बोट दाबून धरा, कोड दिसेल. गावाच्या नावासकट तो फोनशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. शेजाऱ्यांनाही द्या.