असू दे, लागेल

मराठी घरात सामान बांधताना एक वाक्य हमखास ऐकू येतं : "असू दे, लागेल." रेल्वेत ते खपून जातं, वजन ओढायला इंजिन असतं आणि उचलायला हमाल. मोटरसायकलवर मात्र प्रत्येक 'असू दे' मागच्या चाकाच्या आऱ्यांवर जाऊन बसतो.

जून उजाडला की पुण्या-मुंबईच्या पार्किंगमध्ये लेहला निघणाऱ्या गाड्या सजू लागतात. मनालीपर्यंतच जवळपास दोन हजार किलोमीटर, तेही बहुतेक सपाटीचे, म्हणजे तोवर सगळं छान पेलतं. पुढे हवा विरळ होते. दर हजार मीटरला इंजिनाची साधारण दहा टक्के ताकद जाते. टांगलांग ला ही खिंड 5300 मीटरच्या वर आहे, तिथे हाती उरतं निम्म्याला थोडं वर. जुन्या कार्बोरेटरच्या बुलेटला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळतं, ती काळा धूर सोडते. त्यावर उपाय म्हणून एअर फिल्टर काढून फेकणारे असतात, त्यांच्या सिलिंडरमध्ये वाटेतल्या मोरे पठाराची धूळ जाते. फ्युएल इंजेक्शनवाली गाडी मिश्रण सांभाळून घेते, पण नसलेला ऑक्सिजन तीही कुठून आणणार? तेव्हा इंजिन निम्मं झाल्यावर सामान दुप्पट असून चालत नाही.

पेट्रोलचा हिशोब मात्र कंजूषपणे करू नये. मनालीच्या पुढे तांदीच्या पंपावरचा 'पुढचा पंप 365 किलोमीटरवर' हा फलक प्रसिद्ध आहे. रॉयल एनफिल्डच्या 411 सीसीच्या हिमालयनची टाकी 15 लिटरची. लिटरला 30 धरले तर 450 किलोमीटर होतात, पण घाटात खालच्या गिअरवर 25 मिळाले की 375. म्हणजे टाकी कशीबशी पुरते आणि एखादा रस्ता चुकायचीही सोय राहत नाही. पाच लिटरचा कॅन हवाच, पावणेचार किलो वजनासकट. तो काठोकाठ भरू नये. वर गेल्यावर चिवड्याचं पाकीट जसं टम्म फुगतं तसाच कॅनही फुगतो, म्हणून झाकण हळूहळू सोडायचं, आणि तापलेल्या सायलेन्सरपासून लांब.

सामान किती, याइतकंच ते कुठे, हेही महत्त्वाचं. जड वस्तू खाली आणि स्वाराच्या जवळ. हत्यारं, सुटे भाग, पाणी मागच्या कॅरिअरच्या टोकाला बांधलं की पुढचं चाक हलकं होतं, वाळूत आणि खडीत हँडल नाचू लागतं. ॲल्युमिनियमच्या पेट्या दिसतात रुबाबदार, पण चौकटीसह जोडी रिकामीच दहा-पंधरा किलोंवर जाते आणि गाडी आडवी झाली की पाय तिच्याखाली सापडतो. कापडी बॅगा बऱ्या, फाटल्या तर कुठलाही चांभार शिवून देतो. त्यांच्यावर घालायचं रेनकव्हर वाऱ्याने उडतं नाहीतर तळाशी पाणी साठवतं, त्यापेक्षा आतून जाड प्लास्टिकची पिशवी लावावी. हुकाच्या रबरी दोऱ्या टाळाव्यात. त्या ताणल्या जातात, सामान सरकतं, आणि निसटलेला हुक थेट डोळ्याकडे येतो. बकलचे पट्टे वापरावेत.

सामान चढलं की गाडीची मापं बदलतात, आणि हे बहुतेकजण विसरतात. मागच्या स्प्रिंगचा ताण वाढवायचा. हेडलाइट आभाळाकडे पाहू लागतो, तो खाली आणायचा. चेनचा ढिलेपणा सामान लादून, स्वार बसवून तपासायचा. रिकाम्या गाडीवर बेताची वाटलेली चेन मागचा भाग दबला की तंग होते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढत राहते. कॅरिअर आणि लेग गार्डच्या प्रत्येक नटावर नेलपॉलिशची एक रेघ ओढून ठेवावी. सकाळी रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला आहे. घरात कोणी विचारलं तर काय सांगायचं ते ज्याचं त्याने पाहावं.

आता खरोखरच 'असू दे' म्हणण्यासारख्या गोष्टी. क्लच आणि थ्रॉटलच्या नव्या केबल बॅगेत ठेवूच नयेत. जुन्या केबलला लगटून, टोकांना टेप लावून, गाडीवरच ओवून ठेवाव्यात. जुनी तुटली की नवीचं टोक अडकवायचं, पेट्रोलची टाकी उतरवायची गरज नाही. क्लच-ब्रेकच्या लिव्हरची पकड जराशी सैल ठेवावी, म्हणजे पडल्यावर लिव्हर मोडण्याऐवजी फिरते. चेनची जोडकडी, फ्यूज, स्पार्क प्लग, एम-सील, थोडी तार : सगळं मिळून जेवणाच्या डब्यापेक्षा लहान. जादा दिवे लावायचेच असतील तर रिले घालून, म्हणजे दिव्यांचा भार हँडलवरच्या स्विचवर येत नाही. वीस वॅटचे दोन दिवे 3.3 अँपिअर ओढतात, त्यांना 5 अँपिअरचा फ्यूज पुरतो.

आऱ्यांच्या चाकात बहुधा ट्यूब असते, म्हणून हिमालयनसाठी पुढच्या 21 इंची आणि मागच्या 17 इंची चाकाची एकेक ट्यूब, तीन टायर लिव्हर आणि पंप लागतो. पण यातलं खरं सामान म्हणजे हातांचा सराव. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं, शक्यतो फडकं गुंडाळून, फिरवायची. खिळा तिथेच राहिला तर दोन किलोमीटरवर पुन्हा तेच. टायरची शेवटची वीतभर कड चढत नाही तेव्हा लोक लिव्हरवर जोर काढतात आणि नवी कोरी ट्यूब चिमटतात. अशा वेळी समोरची कड गुडघ्याने दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलायची, की इकडची बाजू आपोआप सैल पडते. हे घरच्या अंगणात एकदा करून पाहावं, वाटेतल्या सरचूच्या वाऱ्यात पहिल्यांदा नको.

एवढी वजाबाकी करून गाडी सुरू होते, आणि आतून लाडवांचा डबा येतो. तो नाकारता येत नाही. टँकबॅगेत ठेवावा, गाडीच्या मध्याशी. फक्त रबरी रिंगचा घट्ट झाकणाचा असेल तर एक लक्षात ठेवायचं. सरचूला, 4290 मीटरवर, उघडून बंद केलेला डबा मनालीला उतरल्यावर उघडत नाही. आत विरळ हवा कोंडलेली, बाहेरून दाट हवा झाकणावर दाबून बसलेली. ओढाताण करू नये, पातळ सुरीचं टोक रिंगखाली सरकवायचं. फुस्स आवाज आला की झालं.