ॲब्स्ट्रॅक्टमधल्या आजीबाईंचं वय

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात घर घेतलं की ॲब्स्ट्रॅक्ट हातात पडतं. खाजगी टायटल इन्शुरन्स, म्हणजे मालकीहक्काचा विमा, विकायला या राज्यात बंदी, त्यामुळे जमिनीचे पहिल्यापासूनचे सगळे व्यवहार, आपल्याकडचे फेरफार ओळीने लावावेत तसे, एका गठ्ठ्यात बांधलेले असतात. वकील तो वाचतो, लोक कपाटात टाकतात. मला जुने कागद चाळायची खोड.

गावाबाहेरचं आमचं घर जेमतेम तीन एकरांत आहे. पहिल्या पानावर मात्र १८५४ सालचं सरकारी पेटंट, म्हणजे सरकारने जमीन पहिल्या मालकाच्या नावे केल्याची सनद, निघालं : ऐंशी एकर, एकरी सव्वा डॉलर. नाव नवऱ्याचं. बायकोचं नाव येतं ते तो वारल्यावर वारसांच्या यादीत, आणि पुढे १९१७पर्यंत येतच राहतं. बाई जगल्या तरी किती, एवढंच मला बघायचं होतं.

पेटंटची प्रत केंद्र सरकारच्या भूमी विभागाच्या संकेतस्थळावर फुकट मिळाली. खाली राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पीअर्स यांचं नाव, पण ते लिहिलंय त्यांच्या सचिवाने. एवढ्या पेटंटांवर स्वतः सह्या करत कोण बसणार! ही जमीन सॉक आणि मेस्क्वाकी या इथल्या मूळ रहिवासी जमातींनी १८४२च्या तहात सोडली होती. त्याच मेस्क्वाकींनी १८५७ साली आयोवातल्याच टामा काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) परत ऐंशी एकर विकत घेतले, हजार डॉलर मोजून. ॲब्स्ट्रॅक्टमधल्या आमच्या आजीबाईंच्या घरच्यांना तेवढेच एकर शंभरात पडले होते. हा हिशेब वाचल्यापासून 'कष्टाने उभारलेलं शेत' हे शब्द माझ्या गळी तितकेसे उतरत नाहीत. कष्ट होतेच, नाही असं नाही.

खरा घोळ वयाचा. १८५०च्या जनगणनेत त्या ओहायोत, वय २४. १८९०चे कागद वॉशिंग्टनमधल्या १९२१च्या आगीनंतर जवळजवळ सगळेच गेले, पण आयोवा राज्य मधल्या वर्षांत स्वतःची शिरगणती करायचं, तिथे त्या सापडल्या. १९००च्या जनगणनेत जन्माचा महिना आणि वर्षही विचारलं होतं : एप्रिल १८२५, वय ७५. त्याच ओळीत बायकांसाठी आणखी दोन रकाने : मुलं किती झाली, हयात किती. नऊ आणि पाच. लिहिणाऱ्याचा नऊ इतका घाईत काढलेला की मी आधी सात वाचला होता. दफनभूमीत नवऱ्याच्या दगडाशेजारी चार बुटके दगड आहेत, त्यावरून नऊ पक्का झाला.

१९१०ला मात्र वय ८७. म्हणजे दहा वर्षांत बाई बारा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्या! नव्वदीकडे झुकलेल्या माणसाचं वय घरचे कौतुकाने वाढवून सांगतात, आमच्या पणजीचंही असंच वाढत गेलं होतं.

मृत्यूचा दाखला काउंटीच्या कोर्टहाउसमधून काढला. फॉर्म भरा, ओळखपत्र दाखवा, फी द्या. कुणी अडवलं नाही. फेब्रुवारी १९१७, वय ९४. पडून खुब्याचं हाड मोडलं, मग न्यूमोनिया. माहिती देणारा जावई. आईवडिलांच्या नावांपुढे त्याने 'माहीत नाही' लिहवलंय. मायक्रोफिल्मवरच्या स्थानिक वर्तमानपत्रात अर्धा कॉलम मजकूर आहे : छपराच्या बैलगाडीतून आगमन, १८५६-५७चा भयंकर हिवाळा, चर्चमधली सेवा. चार मेलेल्या मुलांचा उल्लेख नाही.

जुने कागद धरले तर त्या एक्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या. दगडावर जन्मसाल १८२३ आहे. वंशावळ मंडळातल्या स्वयंसेविका बाईंना मी सगळं दाखवलं. त्यांनी त्यांच्या कार्डावर पेन्सिलीने '१८२५?' असं लिहिलं. पेनाने का नाही, विचारलं, तर म्हणाल्या, "१८५०लासुद्धा कुणीतरी अंदाजानेच सांगितलं असेल की."