हरिकेन आर४११८ : काशीला गेलं, पण काशी झाली नाही (अपडेट ४)

मंडळी, हरिकेन या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं जे छोटं मॉडेल मी बनवतोय, त्याच्या शेपटीजवळचा तो फिकट हिरवट पट्टा अखेर खरवडून काढला. मागच्या अपडेटमध्ये मी ठसक्यात सांगितलं होतं की बॅटल ऑफ ब्रिटनच्या (१९४०ची ब्रिटनवरची हवाई लढाई) विमानांना तो असायचाच. नसायचा! तो पट्टा आणि त्याच रंगाचा स्पिनर (पंख्याच्या मधली टोपी) १९४० संपता संपता आला, आणि आपलं विमान ६०५ स्क्वाड्रनकडे क्रॉयडनहून लढलं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे मी त्याला दिवाळीचे कपडे गणपतीतच घालून मोकळा झालो होतो.

चूक कुठे झाली तर मी रेफरन्स म्हणून नेटवरून कुठल्यातरी रिस्टोअर केलेल्या हरिकेनचा फोटो घेतला. ही विमानं वरून एक आणि आतून भलतंच असतात. ब्रिटनच्या मेमोरियल फ्लाइटचं (जुनी लढाऊ विमानं उडती ठेवणारी हवाई दलाची तुकडी) पीझेड८६५ बघा, १९४४ला बनलेलं सगळ्यात शेवटचं हरिकेन, पण दर काही वर्षांनी दुसऱ्याच विमानाचा रंग नि नंबर लावून उडतं. त्यात लपवाछपवी काही नाही, पण आपल्यासारखे फसतात.

मामांना (ओझरला एचएएलमधून रिटायर, मिग-२१वर हात काळे केलेले) विचारलं की मग खरं विमान ओळखायचं कसं. म्हणाले, "अरे, तुझी चेतक एमएच १५ आहे म्हणून ओळखतोस की चासी नंबरवरून? रंग काय, उद्या गुलाबी मार." पण हरिकेनचा घोळ असा की बॉडीचा सांगाडा एकसंध नाहीच, धातूच्या नळ्या, जोडाला प्लेटा आणि बोल्ट, मागच्या भागावर लाकडी पट्ट्या आणि वरून कापड. खोलायला सोपं, म्हणून याची नळी त्याला नि त्याचा पंख याला असं युद्धातच सर्रास चालायचं. एक जुनी नंबराची प्लेट हाताशी आणि बाकी सगळं नवीन, तरी कागदावर विमान जुनंच!

म्हणूनच मी आर४११८ निवडलं. ग्लॉस्टरच्या कारखान्यातलं, ४९ उड्डाणं करून पाच शत्रू विमानं पाडलेलं किंवा जायबंदी केलेलं, १९४३च्या डिसेंबरात ट्रेनिंगसाठी भारतात पाठवलं आणि युद्धानंतर बनारस हिंदू विद्यापीठाला दिलेलं. पोरांना इंजिनिअरिंग शिकवायला दिलेलं विमान तिथेच पडून राहिलं, आणि पडून राहिलं हेच भाग्य, कोणी इकडचं तिकडे जोडायला गेलंच नाही. १९८२ला पीटर व्हॅशर नावाचा माणूस जुन्या रोल्स-रॉइस गाड्या शोधत आला होता, त्याला हे दिसलं. २००१ला इंग्लंडला परत नेलं आणि २००४च्या डिसेंबरात उडालंसुद्धा. काशीला जाऊन सुखरूप परत, आपल्याकडे भल्याभल्यांना जमत नाही.

आता माझ्या १/४८ मापाच्या मॉडेलची हालत. वरच्या कॅमोफ्लाजचे ए आणि बी असे दोन पॅटर्न, एकमेकांचे आरशातले, साधारणपणे सम नंबरला ए, विषमला बी, त्यामुळे इथे ए धरलाय. खाली पूर्ण स्काय (तोच फिकट हिरवट रंग), शेपटीवरचा झेंडा २४ बाय २७ इंची, भागिले ४८ केलं की अर्धा इंच बाय नऊ सोळांश. मास्किंग टेप कापताना चष्मा पुसून पुसून वैतागलो.

क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) मात्र फसला. ज्या दिवशी गोदावरीला पूर येऊन नाशिकच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं होतं त्याच दिवशी मी एअरब्रश काढला, हौस! सकाळी बघतो तर दमट हवेने डाव्या पंखावर दुधाची साय. पुसून परत मारेन, पण ऊन पडल्यावरच.

बॉडीवरची अक्षरं राहिलीत. ६०५चा कोड यूपी, विमानाचं अक्षर डब्ल्यू. मामांना दाखवलं तर म्हणाले, पत्ता आधीच लिहून ठेवला होता की लेकाच्यांनी.