एनएफएल ड्राफ्टचा तक्ता, २०२५ पर्यंतची नोंद: छेद बदलला की कल बदलतो

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग; तिचे संघ दरवर्षी ड्राफ्टमध्ये महाविद्यालयीन खेळाडू क्रमांकाने, फेऱ्याफेऱ्यांनी निवडतात. कोण कितवा जाईल हे वर्तवणाऱ्या मॉडेलसाठी त्या निवडींचा तक्ता बांधतो आहे, त्याची ही नोंद. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये एसईसी कॉन्फरन्सचे (कॉन्फरन्स म्हणजे महाविद्यालयीन संघांचा गट) ७९ खेळाडू निवडले गेले आणि ‘एसईसीने विक्रम मोडला’ हे वाक्य सगळीकडे फिरलं. आकडा बरोबर आहे. पण २०२२ मध्ये याच कॉन्फरन्सचे ६५ गेले होते तेव्हा तिच्यात १४ संघ होते. २०२४ च्या हंगामापासून टेक्सास आणि ओक्लाहोमा आले, संघ १६ झाले. भागाकार केला तर संघामागे ४.६४ वरून ४.९४ एवढीच वाढ. ७९ मधून एकट्या टेक्सासचे १२ काढले तरी ६७ उरतात, म्हणजे जवळपास जुनाच आकडा. बिग टेनचे ७१ गेले, पण तिथे आता १८ संघ आहेत, संघामागे ३.९४.

म्हणून या टप्प्यात मॉडेलला हात लावला नाही. सगळा वेळ छेद (माहितीची विभागणी) आणि लेबलं दुरुस्त करण्यात गेला, आणि तो सत्कारणी लागला. ड्राफ्टचे जे ‘कल’ सांगितले जातात त्यांतल्या बऱ्याच कलांमागे खेळ बदललेला नसतो, मोजणीची चौकट बदललेली असते.

कॉन्फरन्ससाठी आता दोन स्तंभ ठेवले आहेत. एकात त्या हंगामातली खरी कॉन्फरन्स, दुसऱ्यात आजच्या नकाशाप्रमाणे. ‘कोणत्या कॉन्फरन्सकडे संघ जास्त पाहतात’ हा प्रश्न पहिल्या स्तंभावर विचारायचा. ‘या महाविद्यालयांची ताकद वाढली का’ हा दुसऱ्यावर. इथे एक वर्षाची चूक हमखास होते. एप्रिल २०२४ चा ड्राफ्ट हा २०२३ च्या हंगामाचा असतो, तेव्हा टेक्सास अजून बिग ट्वेल्व्हमध्येच होतं. हंगाम म्हणजे ड्राफ्टचं वर्ष वजा १, हे सूत्र जोडणीच्या पहिल्याच ओळीत लिहून टाकावं. २०२४ च्या हंगामापासून बिग टेनमध्ये आलेल्या ऑरेगॉन, वॉशिंग्टन, यूएससी आणि यूसीएलए यांनाही तेच लागू.

सातव्या क्रमांकाचे दोन जॉश अ‍ॅलन

निवडींचा मूळ तक्ता एनएफएलव्हर्स या खुल्या माहितीसंग्रहाचा घेतला आहे. तो १९८० पासूनचा मिळतो, कम्बाइनचा (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांचा) तक्ता २००० पासूनचा. दोन्ही जोडताना नावावर विसंबलात तर फसलात. सगळ्यात बोलका दाखला: २०१८ मध्ये वायोमिंगचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा) जॉश अ‍ॅलन ७ व्या क्रमांकावर बफेलोकडे गेला. २०१९ मध्ये केंटकीचा पास-रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू) जॉश अ‍ॅलन ७ व्या क्रमांकावर जॅक्सनव्हिलकडे गेला. नाव तेच, क्रमांक तोच, फेरी तीच. ‘नाव + क्रमांक’ अशी किल्ली धरली की वायोमिंगच्या क्वार्टरबॅकला केंटकीच्या पास-रशरची धावण्याची वेळ चिकटते, आणि चिकटलेली कळतही नाही, कारण पहिलीच जुळणी उचलणाऱ्या जोडणीत ओळींची संख्या जुळलेली असते. त्यात केंटकीवाल्याने २०२४ मध्ये आडनाव हाइन्स-अ‍ॅलन केलं. त्यामुळे नव्या फाइलमध्ये तो सापडत नाही आणि जुन्या फाइलमध्ये दोघे सापडतात.

उपाय एकच: जिथे प्रो फुटबॉल रेफरन्स या आकडेवारीच्या संकेतस्थळाचा खेळाडू-आयडी आहे तिथे फक्त त्यावर जोडणी. महाविद्यालयीन आकडेवारीच्या बाजूला तो नसेल तर वर्ष + महाविद्यालय + आडनाव + स्थान, आणि जे जुळत नाहीत ते हाताने तपासायचे. ‘ज्युनियर’ आणि ‘थर्ड’ नावातून काढून वेगळ्या स्तंभात ठेवा, पुसू मात्र नका. मार्व्हिन हॅरिसन १९९६ मध्ये १९ वा गेला, मार्व्हिन हॅरिसन ज्युनियर २०२४ मध्ये ४ था. वर्ष किल्लीत नसेल तर बापलेक एक होतात.

महाविद्यालयांच्या नावांतही सापळे आहेत. मायामी दोन आहेत, फ्लोरिडाचं आणि ओहायोचं. २००४ च्या पहिल्या फेरीत फ्लोरिडाच्या मायामीचे ६ खेळाडू गेले, आणि त्याच फेरीत ओहायोच्या मायामीचा बेन रॉथलिसबर्गर ११ वा गेला. कंस गाळणारी साफसफाई केली की मायामीचे ७ होतात आणि एक खोटा विक्रम तयार होतो.

फेरी नको, क्रमांक घ्या

आयपीएलच्या लिलावात खेळाडूचा भाव रुपयांत कळतो. इथे क्रमांक हाच भाव. म्हणून ‘कितव्या फेरीत गेला’ हे लक्ष्य-चल (मॉडेलने वर्तवायचं मूल्य) म्हणून वापरणं सोडून दिलं आहे. फेरीची लांबी दरवर्षी वेगळी असते. २०२३ मध्ये मायामी डॉल्फिन्सची पहिल्या फेरीतली निवड शिक्षा म्हणून गेली होती, त्यामुळे फेरी ३१ निवडींची झाली आणि ३२ वा जोई पोर्टर ज्युनियर दुसऱ्या फेरीत मोजला जातो. २०१८ मध्ये ३२ वाच गेलेला लामार जॅक्सन मात्र पहिल्या फेरीचा. तिसऱ्या फेरीपासून पुढे भरपाईच्या निवडी (खेळाडू गमावलेल्या संघांना मिळणाऱ्या जादा निवडी) शेपटाला जोडल्या जातात, तिथे तर फेरीला काही अर्थच उरत नाही.

क्रमांकही जसाच्या तसा वापरू नका. १ आणि ११ यांतला फरक २०१ आणि २११ यांतल्या फरकाएवढा नसतो. डॅलसचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, संघांनी निवडींची अदलाबदल करताना वापरायच्या जुन्या तक्त्यात पहिल्या क्रमांकाला ३०००, दुसऱ्याला २६०० आणि ३२ व्याला ५९० गुण आहेत. उतार किती तीव्र आहे ते यावरून दिसतं. क्रमांकाचा लॉगॅरिदम घेतला तरी काम भागतं आणि समजावून सांगायला सोपं जातं.

कालरेषेवर तीन उभ्या रेघा आता कायमच्या आखल्या आहेत. पहिली १९९४: त्या वर्षापासून ७ फेऱ्या. १९९२ मध्ये १२ फेऱ्या आणि ३३६ निवडी होत्या, १९९३ मध्ये ८ फेऱ्या. त्याआधीचे ‘महाविद्यालयामागे किती निवडले’ हे आकडे आजच्याशेजारी ठेवूच नयेत. दुसरी २०११: नवोदितांच्या वेतनाला मर्यादा आली. २०१० चा पहिला सॅम ब्रॅडफर्ड याला ६ वर्षांचा ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला होता, त्यातले ५ कोटी हमीचे. २०११ चा पहिला कॅम न्यूटन याला ४ वर्षांचे २.२ कोटी. क्वार्टरबॅक चुकला तर संघ किती बुडणार, हे गणितच त्या वर्षी बदललं. तिसरी २०२१: कोविडमुळे मिळालेलं महाविद्यालयीन खेळाचं जादा वर्ष, महाविद्यालय बदलल्यावर न थांबता खेळण्याची मुभा आणि १ जुलैपासून स्वतःच्या नाव-प्रतिमेवर कमाई करण्याची परवानगी, तिन्ही एकदम. या तीन गोष्टी वेगळ्या काढणं हे सगळ्यात अवघड काम आहे आणि अजून नीट जमलेलं नाही.

वय

तिसऱ्या रेघेनंतर सर्वांत ठळक हललेली गोष्ट म्हणजे वय. तयार तक्त्यांतला वयाचा स्तंभ पूर्ण वर्षांत असतो, तो या कामाला पुरत नाही. जन्मतारीख घ्या आणि ड्राफ्टच्या पहिल्या दिवसापर्यंतचं वय दशांशात काढा. २०२४ मध्ये पहिल्या १२ निवडींत ६ क्वार्टरबॅक गेले. पहिल्या फेरीत ६ क्वार्टरबॅक याआधी १९८३ मध्ये गेले होते. २५ एप्रिल २०२४ रोजी त्यांची वयं अशी: केलब विल्यम्स २२.४, जेडन डॅनियल्स २३.४, ड्रेक मे २१.७, मायकल पेनिक्स ज्युनियर २४ ला काही दिवस कमी, जे. जे. मॅकार्थी २१.३, बो निक्स २४.२. दहावा मॅकार्थी आणि बारावा निक्स यांच्यात जवळपास ३ वर्षांचं अंतर. निक्सकडे महाविद्यालयातले ६१ सामने सुरुवातीपासून खेळल्याचा अनुभव होता. अनुभव आणि वय हातात हात घालून चालतात. दोन्ही एकाच समीकरणात घातले की गुणांकांची चिन्हं उलटीसुलटी होतात. म्हणून प्रत्येक हंगामाची कामगिरी त्या वेळच्या वयाशी जोडायची: विसाव्या वर्षी काय केलं, एकविसाव्या वर्षी काय केलं.

या सहांपैकी चौघांनी महाविद्यालय बदललेलं: विल्यम्स ओक्लाहोमाहून यूएससीला, डॅनियल्स अ‍ॅरिझोना स्टेटहून एलएसयूला, पेनिक्स इंडियानाहून वॉशिंग्टनला, निक्स ऑबर्नहून ऑरेगॉनला. २०२५ चा पहिला कॅम वॉर्ड तर इन्कार्नेट वर्ड, वॉशिंग्टन स्टेट आणि मग मायामी असा तीन ठिकाणी खेळला. अधिकृत यादी शेवटच्या महाविद्यालयाला सगळं श्रेय देते. ‘कोण खेळाडू घडवतं’ असा आलेख काढायचा असेल तर हा स्तंभ दिशाभूल करतो. आता भरती करणारं महाविद्यालय, शेवटचं महाविद्यालय आणि प्रत्येक ठिकाणचे हंगाम असे तीन स्तंभ आहेत. श्रेय हंगामांच्या प्रमाणात वाटलं जातं.

महाविद्यालयात खेळण्याची मुदत संपण्याआधीच ड्राफ्टला येणाऱ्यांची संख्या २०२१ मध्ये सव्वाशेच्या पुढे होती, ती २०२४ मध्ये ५८ वर आली. चौथ्या-पाचव्या फेरीची आशा असलेला मुलगा आता महाविद्यालयातच आणखी एक वर्ष थांबून कमावू शकतो. त्यामुळे मधल्या फेऱ्यांतलं सरासरी वय चढतं, आणि ‘संघांना प्रौढ खेळाडू आवडू लागले’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. आवड तीच असेल. ताटात वाढलेलं बदललं आहे.

रनिंग बॅक

रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे) आता पहिल्या फेरीत कमी जातात; इथे कल खरा आहे. २००५ मध्ये पहिल्या पाचांत तीन रनिंग बॅक होते: रॉनी ब्राउन २ रा, सेड्रिक बेन्सन ४ था, कॅडिलॅक विल्यम्स ५ वा. २०१३ ते २०२५ या १३ ड्राफ्टांत मिळून पहिल्या फेरीत १६ गेले; २०१३, २०१४, २०२२ आणि २०२४ मध्ये एकही नाही. २०२५ मध्ये अ‍ॅश्टन जेन्टी ६ वा आणि ओमारियन हॅम्प्टन २२ वा गेला म्हणून ‘रनिंग बॅक परत आले’ असं म्हणणं घाईचं आहे. २०२३ मध्येही बिजान रॉबिन्सन ८ वा आणि जमीर गिब्ज १२ वा गेले होते आणि पुढच्याच वर्षी आकडा शून्य.

या स्थानासाठी स्पीड स्कोअर अजून कामाचा वाटतो: पौंडांतलं वजन गुणिले २००, भागिले ४० यार्ड धावण्याच्या वेळेचा चौथा घात. ख्रिस जॉन्सन, १९७ पौंड, ४.२४ सेकंद: १२१.९. जोनाथन टेलर, २२६ पौंड, ४.३९ सेकंद: १२१.७. नुसत्या घड्याळात दोघांत १५ शतांश सेकंदांचं अंतर आहे, वजन धरलं की दोघे एका रांगेत येतात. पहिला २००८ मध्ये २४ वा गेला, दुसरा २०२० मध्ये ४१ वा. हाच गुण रिसीव्हरला (फेकलेला चेंडू झेलणाऱ्याला) लावू नका. २०२४ मध्ये ४.२१ चा विक्रम करणारा झेव्हियर वर्दी १६५ पौंडांचा होता. त्याचा गुण १०५ येतो आणि तरी तो २८ वा गेला, कारण त्या स्थानावर वजनाची किंमत वेगळी आहे. स्थाननिहाय सरासरी आणि प्रमाण विचलन काढून मगच तुलना.

कम्बाइनच्या रिकाम्या जागा

कम्बाइनच्या तक्त्यातली रिकामी जागा म्हणजे नुसती न मिळालेली माहिती नव्हे. वरच्या क्रमांकाची खात्री असलेले खेळाडू चाचण्या टाळतात. मार्व्हिन हॅरिसन ज्युनियरने तिथे एकही चाचणी दिली नाही. अशा जागी सरासरी भरली की मॉडेल शिकतं की मध्यम वेगाचे रिसीव्हर चौथे जातात. प्रत्येक चाचणीसोबत ‘दिली / दिली नाही’ असा स्तंभ जोडा. २०२१ मध्ये इंडियानापोलिसमध्ये नेहमीच्या चाचण्या झाल्याच नाहीत, त्या वर्षीच्या वेळा महाविद्यालयांतल्या प्रो-डेच्या (महाविद्यालयाने स्वतः घेतलेल्या चाचण्यांच्या) आहेत. तिथे घड्याळ हाताने चालतं आणि वेळ कमी भरते. सरसकट काही शतांश मिळवण्यापेक्षा ज्यांच्या दोन्ही वेळा उपलब्ध आहेत त्यांच्यावरून स्थाननिहाय फरक काढावा.

न निवडलेल्यांशिवायचा तक्ता हा अर्धा तक्ता. दरवर्षी पात्र ठरणारे सुमारे १६ हजार, निवड २५७ च्या आसपास, म्हणजे १.६ टक्के. ‘कोणीच निवडला जाणार नाही’ असं सांगणारं मॉडेलही ९८ टक्के बरोबर ठरतं, तेव्हा अचूकतेचा टक्का बघूच नका. वर्तवलेल्या पहिल्या २५७ पैकी खरे किती निघाले ते बघा. न निवडलेल्यांना २५८ हा क्रमांक देऊन टाकू नये, ‘शेवटच्या क्रमांकापलीकडे’ असं छाटलेलं मूल्य मानणारं टोबिट मॉडेल घ्यावं. मॉडेल तपासायला राखायचा भाग वर्षाने वेगळा काढा. ओळी पिसून काढल्या तर त्याच वर्षाची माहिती दोन्हीकडे झिरपते. शालेय भरतीचे तारे (शाळेत असताना मिळणारं गुणांकन) नसलेल्या खेळाडूला शून्य तारे देऊ नका. कॅम वॉर्डसारखे नजरेआड राहिलेले आणि खरोखर कमी गुणांकनाचे असे दोन्ही त्यात मिसळतात.

पुढचं काम: जुलै २०२५ पासून महाविद्यालयं खेळाडूंना थेट वाटा देऊ लागली, पहिल्या वर्षाची मर्यादा महाविद्यालयामागे सुमारे २.०५ कोटी डॉलर, आणि ८५ शिष्यवृत्त्यांऐवजी १०५ खेळाडूंची संघमर्यादा आली. ही चौथी रेघ आखून ठेवली आहे, उजवीकडचे बिंदू यायचे आहेत. रिसीव्हर आणि कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) अशा दोन्ही जागी खेळणाऱ्या ट्रॅव्हिस हंटरच्या स्थानाचा स्तंभही अजून उघडा आहे. रिसीव्हर धरला तर २०२५ च्या पहिल्या फेरीत रिसीव्हर ४, कॉर्नरबॅक धरला तर ३.

तक्ता नव्याने बांधला की विश्लेषणाआधी हे पाच प्रश्न चालवा. २००४ ची पहिली फेरी, फ्लोरिडाचं मायामी: ६. एलएसयू २०२०: १४. जॉर्जिया २०२२: १५, त्यांपैकी पहिल्या फेरीत ५ आणि पाचही बचावपटू. २०२३ चा ३२ वा: दुसरी फेरी. २०१८ आणि २०१९ चे सातवे: दोन वेगळे आयडी. एकही उत्तर चुकलं तर जोडणीकडे परत जा.