तुम्ही विचारलंत म्हणून: ती गुबगुबीत अक्षरं सगळीकडे का देत नाही?

बोर्डाचं काम घेऊन येणारे बरेच जण विचारतात, "ती गोल, गुबगुबीत अक्षरं आमच्या बोर्डावर का नाही टाकत?" टाकतो ना. फक्त आधी शब्द बघतो.

आपल्या सांगलीचं 'भडंग'च घ्या. तीनच अक्षरं, जोडाक्षर नाही, ड चं पोट मुळातच गोल, वर अनुस्वाराचा टपोरा ठिपका. हा शब्द मोदक फॉन्टमध्ये लावला की पाकीट दुकानातून हाक मारतं. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेसाठी केलेला हा फॉन्ट इतका जाड आहे, की अक्षराच्या आतली पोकळी केसाएवढी रेघ होऊन उरते. मला तो फार आवडतो. पण सगळं वाचन त्या रेघेवरच टिकलेलं असतं. ध आणि घ यांत फरक तो किती? ध च्या डोक्यावर शिरोरेघ तुटते आणि तिथे एक छोटी गाठ येते, बस्स. शब्द हातभर उंच असेल तर ती फट स्वच्छ दिसते. पाकिटामागच्या बारीक ओळीत ती शाईने भरते आणि 'धने'चं 'घने' होतं.

काही जण साध्याच फॉन्टला चहूबाजूंनी जाड आउटलाइन देतात, कोपरे गोल करतात आणि म्हणतात, झालं की! नाही होत. जाड अक्षर हाताने काढणारा माणूस दोन रेघा जिथे मिळतात तिथे त्या हळूच बारीक करतो, नाहीतर सांध्यावर काळा डाग पडतो. त्यात देवनागरीला वरून शिरोरेघ, रफार, वेलांट्या, खालून उकार. सगळ्यांना त्याच उंचीत जागा द्यायची. आउटलाइनला हे कुठून कळणार? एकदा 'र्कू' मोठा करून बघा.

बालवाडी, खेळण्यांचं दुकान, गणपतीतली चित्रकला स्पर्धा, इथे ही अक्षरं मी आनंदाने देतो. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला मात्र देत नाही, कितीही घाई असली तरी.

नाव लांब असेल तर मोदकऐवजी बलू २ घेतो. तोही 'एक टाइप'चाच आणि गोलच, पण ४०० ते ८०० अशी पाच वजनं, म्हणजे जाडीचे पाच टप्पे, मिळतात, त्यामुळे आतली पोकळी किती ठेवायची हे आपल्या हातात राहतं. गिऱ्हाईक मिरजेच्या पलीकडचं, सीमेकडचं असेल तर कन्नड ओळीला बलू तम्मा. दोन्ही लिप्या एकाच घरातल्या वाटतात. हे सगळे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, म्हणजे दुकानाच्या बोर्डाला फॉन्टचे पैसे पडत नाहीत.

पत्ता आणि फोन नंबर मात्र मुक्तामध्ये. साधा, मोकळा फॉन्ट आहे. चालत्या स्कूटरवरूनही नंबर वाचता आला पाहिजे.